वेशीवरचं खोबरं

परदेशी सरकारांवरून मी आयुष्यात एकदाच मारामारी केली, ती कामथडीत, हायवेच्या कडेला, चाचांच्या चहाच्या टपरीवर.

वेल्ह्याकडच्या ग्रामपंचायतींचे निकाल नुकतेच लागले होते आणि धरणाच्या अंगाची गावं एकामागोमाग एक लाल बावट्याकडे गेली होती. आमच्या भागात माणूस भावकी बघून मत देतो, नाहीतर आदल्या दिवशीचं जेवण बघून. मी गाडीवाला, भाड्याच्या फेऱ्या मारतो. लाल झेंडा म्हणजे पुढं रस्त्याचं काम चालू आहे, गाडी हळू घ्या, एवढीच माझी समजूत. आता तो झेंडा ग्रामपंचायतीवर लागला होता. आणि वरव्याजवळची पत्र्याचे सुटे भाग काढणारी कंपनी पडली परदेशातली, त्यामुळे टपरीवरची चर्चा थेट परदेशात पोचली होती. त्यांचं सरकार आता काय करील, यावर जो तो अक्कल पाजळत होता.

"कंपनी उचलून न्हेतील," एक जण म्हणाला.

"उचलायला ती काय शेळी हाय?" चाचा म्हणाले. चाचांचा जन्म भोरातला, पण हयात हायवेवर गेली. "त्यांचं सरकार आपल्या सरकारला फोन लावणार, आपलं सरकार सायबाला लावणार, सायेब पोलिसाला लावणार. आन पोलिसाकडं लावायला फोन नसतो, काठी असती."

सगळे हसले. कंपनीला खडी पुरवणारा ठेकेदार कोपऱ्यात बसला होता, तो हसला नाही. "लई घाबरतील परदेशातली सरकारं," तो म्हणाला. "सरपंच कोण, तर थोट्याची बायको!"

ती थोट्याची बायको माझी धाकटी बहीण. आमची आई म्हणायची, ह्याचा हात आधी उठतो आणि डोकं मागनं येतं. चहा त्याच्या तोंडावर गेला, पाठोपाठ ग्लास गेला. त्याची भुवई फुटली. त्यानं माझ्या दंडाचा असा चावा घेतला की वण अजून आहे. चाचांनी कपबशा विसळायची बादली दोघांवर रिकामी केली आणि म्हणाले, "परदेशाचं काय व्हायाचं ते हुईल, माझा ग्लास कोण भरून देणार?"

आता हसू येतं. पण चाचांचं काठीचं बोलणं खरं निघालं, आणि ती काठी माझ्या बहिणीच्या अंगावर पडली. ते आठवलं की अजून दातांवर दात येतात.

बहिणीचं सासर गुंजवण्याच्या पलीकडं, राजगडाच्या पायथ्याला. धरण झालं तेव्हा त्यांची भाताची खाचरं पाण्यात गेली. घर तेवढं वाचलं, कारण ते वेशीवर, उंचावर होतं. घराबरोबर त्या घराण्याचा एक मानही वाचला. गावात मोठा पाहुणा यायचा असला की त्याची गाडी वेशीवर थांबते, हलगी वाजते, आणि त्या घरचा माणूस एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात कोयता घेऊन गाडीच्या दाराशी जातो. दोन्ही हात पाहुण्याच्या डोक्यावरून ओवाळतो, म्हणजे वाटेत लागलेलं बरंवाईट कोयत्याच्या धारेला चिकटतं, आणि तिथंच एका घावात नारळ वाढवतो. एक भकल रस्त्याच्या ह्या अंगाला, एक त्या अंगाला. मग खोबऱ्याचा तुकडा पाहुण्याच्या हातावर. वेशीवरचं खोबरं ज्यानं खाल्लं तो गावचा झाला, असं तिथं मानतात. एका घावात फुटला नाही, तर मात्र अपशकुन.

कंपनी नवी होती तेव्हा तिनं त्या गावात पाण्याची टाकी बांधून दिली होती. ती बघायला त्यांच्या देशाच्या मुंबईतल्या वकिलातीतला एक साहेब आला होता. उंच माणूस, मान उन्हानं लालबुंद झालेली. गाडी माझीच होती. वेशीवर आमच्या दाजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, नारळ वाढवला. सासरे वारल्यावर मान त्यांच्याकडं आला होता आणि त्यांचा हात असा बसलेला की घाव पडला हे बघणाऱ्याला कळायच्या आत दोन भकलं व्हायची. साहेब खूश. गाडीतून उतरला, फेटा बांधून घेतला, खोबरं कराकरा खाल्लं, वर आणखी मागून घेतलं. मग त्यानं दाजींच्या हातातला कोयता मागितला आणि तो डोक्यावर उगारून फोटो काढून घेतला. त्या फोटोला फ्रेम करून गावानं तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला. कोयता उगारून हसणारा गोरा साहेब आणि शेजारी हात जोडून उभे दाजी.

पुढं दाजी त्याच कंपनीत पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर लागले. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच वरचा भार खाली येतो, म्हणजे हात आपोआप बाहेर राहतात. माल भराभर निघावा म्हणून तिथं एक बटण कायमचं दाबून बांधून ठेवलं होतं. सगळ्यांना माहीत होतं. एका सकाळी दाजींचा उजवा हात आत असताना भार खाली आला. अंगठा वाचला. बाकीची बोटं पत्र्याबरोबर दाबली गेली आणि पत्र्याबरोबरच पुढं सरकली.

मी त्यांना गाडीत घातलं. चाचांनी टपरीवरचा बर्फ दिला, त्यात बोटं ठेवून मी पुण्याला गाडी पळवली. दाजी मागं बसून एकच विचारत होते, "सगळी घेतली का? सगळी घेतली का?" डॉक्टरांनी बर्फातली पिशवी उघडून बघितली आणि परत बांधली. सीटच्या शिवणीत गेलेलं रक्त मी दातांच्या ब्रशनं घासून काढलं. कंपनी म्हणाली, त्यानं स्वतःहून हात घातला. आणि गेटपास काढून घेतला.

लाल बावटा आला तो ह्या बोटांमागनं. आधी कंपनीत युनियन झाली, मग संप. ज्यांची शेतं धरणात गेली त्या गावांतलीच माणसं कंपनीत होती, त्यामुळे गेटवर अर्धं खोरं येऊन बसलं. कंपनीनं शहरातून बाउन्सर आणले. त्यांनी आल्या दिवशी मांडव जाळला. एका कामगाराला गेटच्या फटीत धरलं आणि दोघांनी मिळून गेट ओढलं. फासळ्या मोडल्याचा आवाज मी रस्त्यापलीकडून, गाडीच्या बंद काचेतून ऐकला. त्यातलाच एक बाउन्सर पुढं नसरापूरच्या बाजारात एकटा सापडला. त्याचं काय केलं ते मी लिहीत नाही. तोही कुणाच्या तरी घरचा होता.

मी त्या दिवसांत कंपनीची भाडी मारत होतो. बहिणीनं गेटसमोर माझ्या काचेवर शेणाचा गोळा हाणला, अगदी तोंडासमोर. वायपर लावला तर सगळ्या काचेला सारवण झालं. मी खाली उतरून तिच्यावर ओरडलो, ती माझ्यावर ओरडली, आणि मग रस्त्यातच दोघंही रडायला लागलो. बाउन्सरसुद्धा बघत राहिले.

निवडणुकीला ती उभी राहिली तेव्हा भाषण येत नव्हतं. एवढंच म्हणाली, "पाण्यानं शेत खाल्लं. मशीननं बोटं खाल्ली. आता आमी काय खायाचं ते आमी ठरवणार." निवडून आली. शेजारच्या गावांतही तसंच झालं. जुन्या पुढाऱ्यांना वाटलं वारं आलंय, जाईल. नाही गेलं.

आणि त्याच सुमाराला वकिलातीतून निरोप आला की तोच साहेब पुन्हा येणार. भागाचा कल कसा बदलला, आपल्या कंपनीचं पुढं काय, हे त्याच्या सरकारला समजून घ्यायचं होतं. गावोगावच्या नव्या सरपंचांना तो भेटणार होता आणि पहिलं गाव माझ्या बहिणीचं.

बहीण हरखून गेली. तिनं ठरवून टाकलं, आधी त्याला खोबरं द्यायचं आणि मग दाजींचा हात त्याच्या हातात द्यायचा. "बाकी काय बोलायचंच न्हाई दादा. नुस्ता हात हातात द्यायचा. त्यो आपल्या वेशीवरचं खोबरं खाल्लेला माणूस हाय. त्यो म्हनंल, घ्या ह्यांना परत कामावर आन सोडा ते बांधल्यालं बटण." आणि मला म्हणाली, "तुझ्याच गाडीतनं आण त्याला."

अडचण एकच. नारळ कोण वाढवणार? दाजींच्या उजव्या हातात कोयता राहत नव्हता. बाईनं नारळ वाढवू नये म्हणून म्हातारी माणसं नाकं मुरडायला लागली. बहीण म्हणाली, "मग बोटं आणून द्या." विषय तिथंच मिटला. तिनं गोठ्यामागं ओंडक्यावर सराव सुरू केला. त्या दिवसांत त्या घरात आमटीत खोबरं, भाजीत खोबरं, कोंबड्यांपुढंही खोबरं. दाजी ओट्यावर बसून सांगायचे, "मनगटातनं न्हाई, खांद्यातनं." शेवटी तिला जमलं. एक घाव, दोन भकलं. मला फोन करून सांगितलं तिनं ते, निवडून आल्याचं सांगतानाही एवढी खूश नव्हती.

हलगी आणि कोयत्याचं साहेबाला आधी सांगून ठेवावं, असं सबंध गावात कुणाच्या मनातही आलं नाही. घरच्या माणसाला घराची रीत कशाला सांगायची?

त्या दिवशी माझ्या शेजारी एक अंगरक्षक बसला, गप्प, कमरेला पिस्तूल. मागं साहेब आणि कंपनीचा मॅनेजर. आमच्या मागं कंपनीच्या रखवालदारांची गाडी, तिच्या मागं पोलिसांची. साहेबानं वाटेत काहीतरी विचारलं. मॅनेजर मला म्हणाला, "साहेब विचारतात, इथले लोक असे लाल का झाले?"

"बोटं गेली म्हणून," मी म्हणालो.

मॅनेजरनं ते इंग्रजीत सांगितलं. मी तीन शब्द बोललो होतो आणि तो मार्गासनी गाव मागं पडेपर्यंत बोलत होता. साहेबाचा चेहरा उतरत गेला. काय सांगितलं देव जाणे.

वेस दिसली. गाव जमलं होतं, लाल झेंडे होते, हलगी कडाडली. मी नेहमीसारखी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं, कारण वेशीवर इंजिन चालू ठेवणं बरं नाही. अंगरक्षक माझ्यावर खेकसला, "गाडी चलाव!" मी म्हणालो, "थांबायचं असतं हितं." तेवढ्यात बहीण मागच्या दाराशी आली. डोक्यावर पदर, डाव्या हातात नारळ, उजव्या हातात कोयता. हसत होती. काच खाली होती. तिनं दोन्ही हात वर उचलले.

अंगरक्षकानं उडी टाकून तिला मागून केसाला धरलं आणि तिचं कपाळ गाडीच्या टपावर आपटलं. कसा आवाज आला ते मी गाडीत बसून ऐकलं, माझ्या डोक्यावरच्या पत्र्यातून. मी बाहेर पडून त्याच्या नरड्याला लागलो. त्यानं पिस्तुलाचा दस्ता माझ्या जबड्यावर मारला, दोन दाढा जागेवर सुटल्या. मागच्या गाडीतले रखवालदार काठ्या घेऊन धावत आले. दाजी ओरडत होते, "नारळ हाय, नारळ हाय!" आणि तो थोटा हात हलवत मध्ये पडले, तर पहिली काठी त्याच हातावर बसली. हलगी थांबली. मग गावातून दगड आले. काच फुटली, एका रखवालदाराचा डोळा गेला, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, बायकापोरं खाचरांत पडली. बहीण चाकाशी पडली होती, तोंडावर रक्ताचा ओघळ, आणि दोघं जण तिला बुटांनी तुडवत होते. कोयता कधीच तिच्या हातून गेला होता. नारळ तेवढा पोटाशी धरला होता.

साहेबाला काही लागलं नाही. मला जमिनीवर दाबलं होतं तेव्हा फुटक्या काचेतून तो दिसला. तो बहिणीकडं बघत नव्हता, तिच्या पोटाशी असलेल्या नारळाकडं बघत होता. त्याला कळलं होतं. ह्यावर मी देवाच्या डोक्यावर हात ठेवायला तयार आहे. त्याला कळलं होतं आणि तो गप्प बसला. मग त्यांनी त्याला दुसऱ्या गाडीत घालून नेलं.

बहिणीवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा पडला आणि तिची रवानगी पुण्याच्या तुरुंगात झाली. माझा जबाब घेतला तेव्हा तोंड सुजलेलं होतं, तरी बोललो.

"कोयता होता का?" पोलिसानं विचारलं.

"व्हता. ओवाळायला."

"उगारला होता का?"

"ओवाळायला, साहेब."

"उगारला होता का, एवढंच सांग."

मी ग्रामपंचायतीच्या भिंतीवरचा फोटो काढून नेला आणि त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो उलटसुलट बघितला. "ह्यात तर साहेब हसतोय," तो म्हणाला. "ह्यात गुन्हा कुठाय?"

तेच तर मी सांगत होतो.

परदेशी सरकारनं काय केलं, त्याचं उत्तर टपरीवर आलं ते कुणाच्या तरी मोबाईलवर. त्यांनी आपल्या देशाच्या लोकांना सूचना काढली होती की भोर आणि वेल्हे ह्या भागात हत्यारबंद गट आहेत, प्रवास करू नये. वेल्ह्याचं नाव आता राजगड तालुका झालंय, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. कंपनीनं एक पाळी बंद केली, मग मशिनं ट्रेलरवर चढली आणि गेली. दुसऱ्या एका देशाकडून, जिथं म्हणे लाल बावट्याचंच सरकार आहे, युनियनच्या शहरातल्या पुढाऱ्याला अभिनंदनाचा निरोप आला. तोही टपरीवर फिरला. वर गुलाबाचं फूल होतं, खालचं कुणालाच वाचता आलं नाही.

"एकानं शिवी घातली, एकानं फूल दिलं," चाचा म्हणाले. "बाईला सोडवायला कोण आलं?"

साहेबाला साक्षीला बोलवा, असं मी वकिलाला सांगितलं. वकील म्हणाला, वकिलातीतल्या माणसाला इथलं कोर्ट तसं खेचू शकत नाही, त्याला कायद्याचं कवच असतं. मी म्हणालो, "तिच्या टाळक्याला कसलं कवच नव्हतं." वकील माझ्या हाताकडं बघून खुर्ची जरा मागं घेऊन बसला.

भाताची कापणी आटोपली तेव्हा जामीन झाला. मी तिला आणायला गेलो. तुरुंगाच्या दारातून आली ती निम्मी होऊन आली. कपाळावर टाक्यांचा व्रण, भुवईपासून केसांत गेलेला.  नसरापूर आलं तेव्हा म्हणाली, "दादा, ह्यांचा हात दुखतोय का अजून?" मी हो म्हणालो.

वेशीवर गाव उभं होतं. हलगी नव्हती. झेंडे होते, पण गुंडाळून काखेत. मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. शेजारची म्हातारी मावशी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली आणि ओवाळायला म्हणून तिनं काचेतून हात वर केला.

बहिणीनं किंकाळी फोडली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून सीटखाली घुसली. आम्ही लहानपणी आईचा मार चुकवायला घुसायचो तशी. मावशीचा हात तसाच हवेत राहिला. पाणी तिच्या कोपरावरून गळत होतं.

 बऱ्याच वेळानं बहीण सीटखालून वर आली, पदर नीट केला. समोर बघितलं तर गाडीपुढं दाजी उभे होते. वेशीच्या दगडावर नारळ ठेवला होता आणि त्यांच्या डाव्या हातात कोयता होता. ती तुरुंगात असताना ते गोठ्यामागं डाव्या हाताचा सराव करत होते, हे मला त्या दिवशी कळलं.

 ती मावशीला म्हणाली, "ओवाळा तुमी. रीत मोडू नका. म्या डोळं मिटून घेते."

तिनं माझं मनगट धरलं आणि डोळे गच्च मिटले. मावशीनं ओवाळलं. मग पहिला घाव पडला आणि नारळ नुसता दगडावरून घरंगळला. दाजींनी तो उचलून परत ठेवला. दुसरा घाव कडेला बसला. प्रत्येक घावाला तिची नखं माझ्या मनगटात रुतत होती. तिसऱ्या घावाला नारळ फुटला.

एका घावात फुटला नाही तर अपशकुन मानतात. एकही म्हातारा काही बोलला नाही. दाजींनी खोबऱ्याचा तुकडा कोयत्याच्या टोकानं काढला, कोयता खाली ठेवला, आणि अंगठा नि थोट्या तळव्यात तो तुकडा धरून काचेतून आत दिला. तिनं डोळे न उघडताच तोंड उघडलं.